पारोसा खांब

मुलाखतीला येताना पदवीचं प्रमाणपत्र विसरलात तरी चालेल, पण घरच्या शेतातली मूठभर माती आठवणीने आणा, असा निरोप मला कारखान्याकडून आला होता. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी मात्र तो निरोप जिल्हा परिषदेच्या परिपत्रकाइतका गंभीरपणे घेतला. अडचण एवढीच होती की आम्हाला शेत नव्हतं. नेवाशाकडच्या आमच्या गावात बौद्ध वस्तीतल्या फार थोड्या घरांना होतं. शेवटी वडिलांनी शाळेच्या पटांगणातली माती औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून दिली आणि बजावलं, "विचारलं तर खरं सांग."

मुलाखतीत मुख्य केमिस्टांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, बाटलीचं बूच काढलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि शेजारी बसलेल्या दोन संचालकांकडे अजिबात लक्ष न देता म्हणाले, "ही शेतातली नाही. हिच्यात मुरूम आहे."

"शेत नाही आम्हाला," मी म्हणाले. आवाज जरा चढाच लागला असावा.

"उत्तम. शेतवाले आपल्या मातीचं फार कौतुक करत बसतात. सोमवारी या."

अशी मी प्रवरेच्या काठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या रसायन विभागात केमिस्ट म्हणून लागले. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. विभागात बायका दोनच: प्रयोगशाळेत मी आणि झाडलोटीला कौसाबाई. बाकी सगळे पुरुष, आणि त्या सगळ्यांवर साहेब. उंच, किंचित वाकलेले, मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. त्या स्वेटरला त्यांनी शिंप्याकडून चार खिसे लावून घेतले होते आणि चारही खिशांत मातीच्या पुड्या असत. कुठली पुडी कुठल्या गावची हे त्यांना खिशावरून कळायचं. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्या स्वेटर धुवायला टाकण्याआधी खिसे रिकामे करून पुड्या खिडकीत ओळीने मांडून ठेवत, आणि एकदा ती ओळ चुकली म्हणून साहेब दिवसभर उपाशी राहिले होते.

पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ते आपल्या जिल्ह्यात परत आले होते. का सोडली असं विचारलं की ते खिशातून एक पुडी काढायचे. "ही बघ. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, जिभेला चिकटून बसते. हिच्या पोटात पदर आहेत, पुस्तकाच्या पानांसारखे. त्या पदरांत दोन पदार्थ शिरले की एकमेकांशी बोलायला लागतात. हिला अ‍ॅसिडाने एकदा चांगली धुतली की झालं. लोक परदेशातून डबे मागवतात, आणि आपण हिच्यात कांदे लावतो."

हे दोन पदार्थ कोणते तेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमच्या कारखान्यात मळीपासून अल्कोहोल निघायचं. त्या अल्कोहोलची आणि व्हिनेगारमध्ये असतं त्या आम्लाची गाठ घालून दिली की एक द्राव तयार होतो. तो रंगात, गोंदात, नखांच्या पॉलिशमध्ये वापरतात. पण हे दोघे आपणहून एकत्र यायला फार वेळ घेतात. त्यांना घाई करायला तिसरं कुणीतरी लागतं. त्याला उत्प्रेरक म्हणायचं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. हे मी एकदा साहेबांसमोर बोलून बसले.

"मध्यस्थ जेवून जातो," साहेब म्हणाले. "वर टॉवेल-टोपी घेतो. उत्प्रेरक काही घेत नाही. जो घेतो किंवा मागे घाण ठेवून जातो तो उत्प्रेरक नव्हे, तो कंत्राटदार."

आमच्याकडे हा तिसरा म्हणजे गंधकाम्ल होतं. कामगार त्याला नुसतं अ‍ॅसिड म्हणायचे. काम चोख करायचं, पण प्रत्येक घाण्यानंतर रिअ‍ॅक्टरच्या तळाला काळा, जळका, आंबट गाळ राही. तो आवाराच्या टोकाला चुन्याच्या खड्ड्यात सोडत. चुन्याने अ‍ॅसिड मरायचं, आणि मेलेलं पाणी पावसाळ्यात ओढ्याला लागायचं. कुणी कामगार सहज म्हणाला, "साहेब, गाळ बाहेर सोडला," की साहेब हातातलं काम ठेवून त्याच्याकडे वळायचे. "बाहेर? बाहेर हे गाव कुठल्या तालुक्यात आलं?" पहिल्यांदा माणूस हसायचा. साहेब हसत नाहीत म्हटल्यावर गप्प व्हायचा. पुढेपुढे लोक "सोडला" एवढंच म्हणायला लागले.

लग्नाकार्यात साहेबांना बोलावणं असे. मुख्य केमिस्ट म्हणजे मान मोठा. टॉवेल-टोपी समोर आली की ते हात जोडायचे, "हे नको, बांधावरची पिशवीभर माती द्या." नवऱ्यामुलाच्या बापाला आधी अपमान वाटायचा. मग कुणीतरी कानात सांगायचं की त्यांचं असंच असतं. भर मांडवातून एखादा पोरगा सायकल काढून शेतात जायचा आणि साखरेच्या जुन्या पोत्यात माती घेऊन यायचा. साहेब ती जेवणाच्या पंगतीतच चाखून बघत.

एकदा विभागातली सगळी मंडळी घरच्यांना घेऊन जीपने शनिशिंगणापूरला निघाली होती. वाटेत साहेबांनी जीप थांबवली, उतरले आणि एका वावराच्या कडेला खुरप्याने उकरायला बसले. खुरपं ते बरोबर बाळगत. शेतकरी काठी घेऊन आला.

"काय चोरताय ओ?"

"माती."

"न्या की. पर कशाला?"

"साखर कारखान्यात अ‍ॅसिडऐवजी घालायचीय."

शेतकऱ्याने जीपमधल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "बायांनो, ह्यांना दर्शनाला लवकर न्या," एवढंच तो म्हणाला. पण माती दिली, आणि वर विचारलंसुद्धा, की साखरेत कचकच तर लागणार न्हाई ना. ज्या गावात घरांना दारं नाहीत त्या गावाच्या वेशीवर आमच्या साहेबांना चोर म्हणून पकडलं, हे काकू पुढे कितीतरी वर्षं सांगत.

तोवर माती हा त्यांचा छंदच होता. सगळे हसायचे, मीही हसायचे. ज्याचा कारखाना पगार देत होता ते काम ते अ‍ॅसिडवरच करत होते आणि चांगलं करत होते. ते बदललं कौसाबाईंच्या घरच्या जेवणाने.

कौसाबाई ओढ्याच्या खालच्या अंगाच्या वस्तीवर राहायच्या. त्यांच्या नातवाचं बारसं होतं आणि त्यांनी साहेबांना आणि मला अगदी हट्टाने बोलावलं होतं. भात, वरण, बटाट्याची भाजी, लापशी. साहेबांनी वरण-भाताचा पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. डाळीचा दाणा दाताखाली कचकन फुटला होता. माझ्याही.

"कौसाबाई, गडबड झाली का सकाळी?" त्यांनी हळूच विचारलं.

"गडबड कशाची साहेब? पाटंपासनं चुलीवर हाय," कौसाबाई हसल्या. "आमच्या हिरीचं पानीच आसं. डाळच शिजत न्हाई. सोडा घातला तर गळती, पर मंग चव जाती. पाव्हनं आल्यात म्हनून सोडा न्हाई घातला."

"आधीपासून असंच आहे?"

"न्हाई वं. मी नवी नवरी आले तवा लई ग्वाड पानी हुतं. त्यो चुन्याचा खड्डा झाला ना कारखान्याचा, तवापासनं. आता सनासुदीला माळावरच्या हिरीवरनं कळशी आनायची. रोज कोन जातंय तेवढं लांब?" पंगतीतल्या बायाही हसल्या. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

साहेबांनी पानातलं सगळं वरण संपवलं. एक एक दाणा चावून संपवला. परत येताना स्कूटर ओढ्याच्या पुलावर थांबवली आणि मला म्हणाले, "तो खड्डा माझा."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. पुण्याहून ते इथे आले तेव्हा गाळ तसाच्या तसा ओढ्यात जायचा. त्यांनी चुन्याचा खड्डा बांधायला लावला, संचालक मंडळाशी भांडून. अ‍ॅसिड आणि चुना मिळून जिप्सम होतं, ज्याचं आपण प्लास्टर करतो. त्याने कुणी मरत नाही. आणि ते खरंही होतं. कुणी मेलं नव्हतं. ते जिप्सम वर्षानुवर्षं मुरून विहिरीत उतरलं होतं, आणि त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती, एवढंच. साहेबांना त्या खड्ड्याचा अभिमान होता. पुण्याहून कुणी पाहुणा आला की ते त्याला आधी तो खड्डा दाखवायला नेत. त्या दिवसानंतर त्यांनी तो कधीच कुणाला दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चंचुपात्रांची रांग लागली आणि प्रत्येकात तुरीची डाळ. एकात कॉलनीच्या नळाचं पाणी, एकात वस्तीच्या विहिरीचं, एकात माळावरचं, एकात खड्ड्यातलं. लेखाविभागातला एक जण दारातून डोकावून म्हणाला, "आज मेस इथंच का?" ज्या पात्रात डाळ टणक राहिली त्यातले दाणे साहेबांनी पुडीत बांधले आणि खिशात टाकले. चार खिशांतला एक खिसा मातीने सोडला आणि डाळीने घेतला.

पुढचं वर्षभर मी त्यांच्या मातीत काम केलं. राहुरीच्या विद्यापीठाच्या शेतातली, शेवगावची, पाथर्डीच्या उताराची, लग्नांतल्या पोत्यांतली, सगळी माती आम्ही धुतली, चाळली, अ‍ॅसिडात उकळली, पुन्हा धुतली, वाळवली. यात अ‍ॅसिड लागायचंच, मी तसं टोमण्याने म्हणालेही. "एकदा लागतं," साहेब म्हणाले, "आणि जे उरतं ते पुढच्या मातीला वापरायचं. सोडायचं काही नाही." नंतर पेपरांतून अशा कामाला हिरवं रसायनशास्त्र वगैरे मोठी नावं वाचली. आम्ही त्याला साहेबांची माती म्हणायचो. काचेच्या नळीत ती काम करत होती. अ‍ॅसिडाइतकी झटपट नाही, पण करत होती, आणि तळाला काळं काही उरत नव्हतं. ज्या दिवशी पहिल्यांदा नळीतून नखाच्या पॉलिशचा वास आला त्या दिवशी मी साहेबांना जिना चढताना शीळ घालताना ऐकलं. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच.

वर्कशॉपने माणसापेक्षा उंच असा स्टीलचा एक जाड नळ बनवून दिला. त्यात माती भरायची, वरून गरम मिश्रण सोडायचं, खालून द्राव घ्यायचा. कामगार त्याला साहेबांचा खांब म्हणायला लागले.

चेअरमनसाहेब शेतकरी माणूस, पण हिशेबाला पक्के. त्याच सुमारास अ‍ॅसिडची नवीन मोठी टाकी घ्यायचं घाटत होतं. त्यांनी साहेबांना बोलावून घेतलं. "तुमची माती चालली तर मला हवीच हाय. पर दसऱ्याला बॉयलर पेटवायला समदे संचालक येत्यात. त्यांच्या म्होरं चालवून दावा. चाललं तर टाकी रद्द. न्हाई चाललं तर त्याच दिशी टाकीचा ठराव. मंग मला दोष द्यायचा न्हाई."

टाकी आली की गाळ दुप्पट होणार आणि खड्डाही दुप्पट, हे साहेबांना सांगायची गरज नव्हती. दसऱ्यापर्यंत ते घरी फक्त अंघोळीला जात. खांब माती भरून तयार झाला. वरचं झाकण तेवढं बसवायचं ठेवलं, कारण दसऱ्याच्या सकाळी मातीची शेवटची पातळी त्यांना स्वतः पाहायची होती.

नवमीला मी गावी होते. दसऱ्याला आमच्याकडे विहारात वंदना असते, पांढऱ्या साड्या, सगळा गाव एकत्र. आई म्हणाली, वर्षातून एक दिवस तुला त्या मातीतून सुटका नाही का. पहाटेच्या एसटीने मी परत निघाले तेव्हा तिचं तोंड फुगलेलंच होतं.

कारखान्यात गेले तर सगळीकडे झेंडूची तोरणं, धुऊन पुसून लख्ख झालेली यंत्रं, पंपांना हळदी-कुंकू. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. हत्यारं, यंत्रं त्या दिवशी धुऊन पुजतात. आमच्या घरी ही पद्धत नाही आणि साहेब असल्या दिवसांकडे लक्ष देत नसत, म्हणून आम्हा दोघांच्याही डोक्यात ती आली नाही. खांबालाही हार होता. मला तो आवडलाच. पातळी बघायची गडबडीत राहून गेली, कारण संचालक वेळेआधी आले. फिटरने झाकण आवळून टाकलं.

पंप सुरू झाला. खालच्या तोटीखाली साहेब स्वतः काचेचं भांडं धरून बसले. भांडं कोरडंच. दाबाचा काटा चढायला लागला. पंपाचा आवाज घोगरा झाला, मग किंचाळल्यासारखा. "बंद करा," साहेब म्हणाले. झाकण उघडलं. आत माती वर चढून आली होती, कणीक फुगावी तशी, चिकट, काळी, आणि तिच्यावर कुंकवाचा लाल ओघळ आणि झेंडूच्या दोन पाकळ्या.

"कुणी केलं हे?" सुपरवायझर ओरडला.

कौसाबाई पुढे आल्या. पदर डोक्यावरून घेतलेला. "म्या. काल समद्या मशिनी धुतल्या, पुजल्या. ह्यो खांबच एकटा पारोसा कसा ठेवायचा? साहेब घरी गेल्ते तवा म्या त्याला अंगूळ घातली." सुपरवायझरने कपाळावर हात मारला. कौसाबाईंना वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. "आमच्या हिरीचं न्हाई घातलं साहेब. माळावरच्या हिरीचं ग्वाड पानी आनलं. आन् सकाळी बगितलं तर माती वर आल्ती. मला वाटलं, पावली."

सुपरवायझरने त्यांना आवाराबाहेर व्हायला सांगितलं. त्याने जो शब्द वापरला तो मी इथे लिहीत नाही. साहेबांनी हात वर केला. ते खांबात बघत होते. बोटाने त्यांनी तो चिखल उचलला, दोन बोटांत ताणून पाहिला, आणि मला म्हणाले, "अगं, ह्या दोघांच्या संयोगातून द्रावाबरोबर आणखी काय तयार होतं?"

"पाणी," मी म्हणाले. हे तर पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं.

"पाणी," ते म्हणाले. मग संचालकांकडे वळून शांतपणे, वर्गात सांगावं तसं त्यांनी सांगितलं, की या बाईंची काही चूक नाही. यात पाणी आपोआपच तयार होत राहतं. नळीत थोडंसं होतं, ते वाफेबरोबर निघून जायचं, म्हणून आम्हाला दिसलं नाही. खांबात ते साठलं असतं आणि आज ना उद्या माती फुगून खांब तुंबलाच असता, कदाचित फुटलाही असता. पाणी घालून बघायचं आम्हाला सुचलं नाही. यांना सुचलं.

"म्हंजी आपली माती चालत न्हाई," चेअरमनसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटत होतं.

"ही नाही चालत."

"मंग टाकीचा ठराव करावा लागंल, साहेब."

"करा," साहेब म्हणाले.

ते कौसाबाईंना वाचवण्यासाठी हे बोलले असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, आणि मला त्यांचा रागही आला. एका कळशीने वर्षभराचं काम गेलं होतं आणि हे वर आभार मानत होते. त्या आठवड्यात मी हट्टाने नळी तशीच चालू ठेवली, सलग, वाफ न सोडता. माती फुगली आणि नळी तुंबली. साहेबांना दाखवली तर त्यांनी नुसती मान हलवली. दसऱ्याला ते खरं तेच बोलले होते.

मोठी टाकी आली. क्रेनने ती उतरवताना साहेब प्रयोगशाळेच्या खिडकीला पाठ करून बसले होते. त्यानंतर त्यांना मी कधी शीळ घालताना ऐकलं नाही. पण ते थांबलेही नाहीत. संगमनेरच्या रस्त्यावर एका कुंभाराचा मडकी भाजायचा आवा होता, तिथे ते जाऊन बसायला लागले. भाजलेली माती फुगत नाही, हे कुणालाही ठाऊक आहे. पण फार भाजली तर तिचे पदर मिटतात आणि ती काम करत नाही. किती भाजली म्हणजे फुगणार नाही आणि मरणारही नाही, हे शोधायचं होतं. आव्याच्या कडेला, मध्ये, तळाला अशा जागा बदलून आम्ही मातीच्या गोळ्या ठेवायचो. बोराएवढ्या गोळ्या. जेवणाच्या सुट्टीत सगळा विभाग हात धुऊन लाडू वळायला बसावं तसा गोळ्या वळायला बसायचा. सुपरवायझरसुद्धा.

कौसाबाई बसत नसत. खांबाच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं त्यांनी सोडलं होतं. उंबऱ्यापर्यंत झाडायच्या आणि तिथून मागे वळायच्या. वस्तीवर त्यांना लोक बोलत होते. तूच पाणी घालून आपली विहीर घालवलीस, असं. मी समजावलं तर म्हणाल्या, "ताई, साहेबांचं चांगलंपन हाय ते. माजा हात वंगाळ लागला, म्या बगितलंय की." साहेबांनी दोनदा त्यांना शेडमध्ये हाक मारली. दोन्ही वेळा त्या ऐकू न आल्यासारखं करून निघून गेल्या.

पुढच्या हंगामाच्या शेवटी चेअरमनसाहेबांनी तीनपैकी सगळ्यात लहान रिअ‍ॅक्टर साहेबांना दिला. "तुमची हौस म्हनून," ते म्हणाले. या वेळी संचालक नव्हते, मांडव नव्हता. विभागातले लोक आणि कुतूहलाने आलेले चेअरमनसाहेब तेवढे. त्या रिअॅक्टरला जोडलेल्या खांबात नव्या गोळ्या भरल्या होत्या. साहेब स्वतः कौसाबाईंना शोधत गेले आणि त्यांना बरोबर घेऊनच आले. साहेबांच्या हातात पाण्याने भरलेली कळशी.

"कौसाबाई, घाला."

"न्हाई साहेब."

"मी सांगतोय, घाला."

"मला न्हाई जमायचं. परत तसंच हुईल. माज्या हातनं न्हाई."

"झालं तर आजच कळेल," साहेब म्हणाले. "तुमच्याच पाण्याने कळलं होतं. दुसऱ्या कुणी घातलं तर माझा विश्वास बसायचा नाही."

कौसाबाईंनी आमच्याकडे पाहिलं. फिटरने शिडी खांबाला लावली. त्या शिडीवर चढल्या. कळशी कलती करताना अर्धं पाणी खांबाच्या बाहेरच सांडलं. उरलेलं आत गेलं. आम्ही सगळे खालच्या तोटीकडे बघत राहिलो. मग तोटीतून धार लागली. स्वच्छ, सरळ, विहिरीतून काढली तशीच. साहेबांनी शिडीवर चढून वरून हात घालून एक गोळी काढली आणि सगळ्यांना दाखवली. बोराएवढी होती, बोराएवढीच राहिली होती.

गरम हवेने खांब वाळवला आणि दुपारनंतर मिश्रण सोडलं. काटा जागचा हलला नाही. शेडभर नखाच्या पॉलिशचा वास पसरला, आणि मला रडू आलं. कुणी बघितलं नसेल असं वाटलं होतं, पण बघितलं होतं. चेअरमनसाहेबांनी पेढे मागवले. साहेबांच्या पाठीवर थाप मारली, जी मारायची या कारखान्यात कुणाची छाती नव्हती. लोक एकमेकांना टाळ्या देत होते. या सगळ्या गोंधळात कौसाबाई रिकामी कळशी काखेत घेऊन साहेबांच्या समोर आल्या.

"साहेब, म्हंजी आता आमची हीर ग्वाड हुनार?"

साहेबांचा हात पेढा घेऊन तोंडाकडे चालला होता, तो थांबला. मी काहीतरी सारवासारव करणार होते. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली.

"नाही, कौसाबाई," ते म्हणाले. "जे मुरलंय ते मुरलंय. नवीन मुरायचं थांबलं तरी जुनं निघायला फार वर्षं जातील. तुमच्या-माझ्या आयुष्यात होईल असं वाटत नाही. नातवाच्या होईल."

कौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"खरं सांगितलं ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "खड्डा केला तवा तुमी वस्तीवर आल्ता. समद्यांना बशीवलं आन् सांगितलं, काय हुनार न्हाई म्हनून. म्या चा दिल्ता तुमाला."

"हो," साहेब म्हणाले. "दिला होता."

मला वाटलं, त्या आता जातील. त्या गेल्या नाहीत. त्यांनी कळशी दुसऱ्या काखेत घेतली आणि शेडच्या पलीकडे हनुवटी केली. तिथे उरलेले दोन रिअ‍ॅक्टर अ‍ॅसिडवर चालू होते.

"आन् त्या दोनांचं कवा?"

साहेबांनी पेढा तसाच माझ्या हातात दिला आणि ते तिकडे चालायला लागले.